चांदागड आणि झाडीचा मुलूख

शाळेत असताना महाराष्ट्राचा नकाशा काढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना एक अनुभव खात्रीने आला असेल. सह्याद्रीच्या रांगेपासून निघालेली पेन्सिल पुणे, सातारा, सोलापूर अशी ठिकाणे ठसठशीतपणे टिपीत नागपुरापर्यंत येते. परंतु तेथून पुढे विद्यार्थ्याचा हात सैल पडतो. उरलेला आग्नेयेचा कोपरा तो हिरव्या रंगाने भरून टाकतो आणि मोकळा होतो. आमचेही तसेच झाले होते. त्या हिरव्या रंगाखाली एका राजघराण्याची राजधानी आहे, तीन-चार मोठ्या नद्यांचे संगम आहेत, मौर्यकाळापासूनचे शिलालेख आहेत, हे आम्हांस कोणी सांगितले नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही कोणास विचारले नाही.

आमच्या घरात 'चांदा' हा शब्द मात्र वारंवार कानी पडे, तो निराळ्या अर्थाने. आमचे आजोबा शाळामास्तर. त्यांची चांद्यास बदली झाली, तेथे आमची आजी हिवतापाने गेली आणि दोन लहान मुलांना घेऊन आजोबा परत आले, एवढीच त्या गावाची हकीकत आम्हांस ठाऊक. वडील त्या वेळी दोन वर्षांचे होते आणि आमच्या आत्या सहा वर्षांच्या. पुढे घरात कोणाला गैरसोयीच्या जागी जावे लागले, की "चांद्यास धाडले वाटते!" असे म्हणण्याची रीतच पडून गेली. चांदा म्हणजे शिक्षा, हे समीकरण आमच्या मनात असे लहानपणीच पक्के झाले.

वडील आता नाहीत. आत्यांनी नुकतीच पंच्याऐंशी ओलांडली. गेल्या दिवाळीत त्यांनी आम्हांस जवळ बोलावून सांगितले, "अरे, मला एकदा चांदा दाखवून आण. आईला ज्या दारातून नेले ते दार अजून आहे का, एवढे बघायचे आहे." त्यावर काय बोलणार? माघ महिन्यात आम्ही नागपूर सोडले.

नागपुराहून दक्षिणेस जाणारा लोहमार्ग सेवाग्राम, हिंगणघाटावरून वरोऱ्यास येतो. हिंगणघाटचा कापूस एके काळी विलायतेस नावाजलेला होता. वरोऱ्यास एकोणिसाव्या शतकात या भागातील पहिली कोळशाची खाण निघाली; आणि ज्याचे नाव आज सर्वतोमुखी आहे ते आनंदवनही १९४९ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच वसविले. येथवर काळी जमीन आणि कपाशीची शेते डोळ्यांच्या ओळखीची असतात. वरोरा मागे पडले की देखावा पालटू लागतो. माती तांबूस होते, क्षितिजावर झाडीची काळी रेघ उमटते, मधून मधून तळ्यांचे पाणी चमकते आणि ज्वारीची जागा भात घेतो.

भांदक, म्हणजे भद्रावती, येथे आम्ही उतरलो. आज तेथील पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे जैन बांधवांना हे स्थान विशेष परिचित आहे. परंतु या गावाचे वय किती, याचा अंदाज येण्यास गावाबाहेरील विजासन टेकडीची लेणी पाहिली पाहिजेत. टेकडीच्या पोटात सरळ शिरलेला एक लांब बोळ, त्याच्या टोकाशी काळोखात बसलेली बुद्धमूर्ती आणि डाव्या-उजव्या बाजूंस तसेच आणखी बोळ, अशी त्यांची रचना आहे. अजिंठ्याचे वैभव येथे नाही. चित्र नाही, नक्षी नाही. पण त्या बोळात दिवा घेऊन शिरताना एकाग्रतेचा जो अर्थ कळतो तो कोठल्याही व्याख्यानाने कळत नाही. गावात भद्रनागाचे देऊळ आहे आणि तळ्यावर जुना दगडी पूल आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४, म्हणजे इसवी सन ७७२ चा ताम्रपट याच भांदकास सापडला. येणेप्रमाणे बौद्ध, जैन, शैव व नागपूजक यांनी एकाच गावात एकमेकांशेजारी देव मांडले आणि ते सर्व आजही नांदत आहेत.

याहूनही जुना पुरावा याच जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक येथे मिळाला. एका शिळेवर दोन लेख आहेत. पहिला अशोकाच्या काळचा. त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास बंदी केली आहे. त्यानंतर सुमारे सहा शतकांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने त्याच शिळेवर आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरविला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखांचा उलगडा केला. लेखातले चिक्कंबुरी नावाचे गाव म्हणजे देवटेकजवळचे आजचे चिकमारा, हेही त्यांनीच दाखवून दिले. सोळा-सतरा शतके एखाद्या खेड्याचे नाव टिकावे आणि आमच्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनी त्या मुलखाला 'रान' म्हणून बाजूस सारावे, यात अडाणी कोण, असा प्रश्न आम्हांस पडला.

असो. सायंकाळी चांद्यास पोहोचलो. गावाचे सरकारी नाव आता चंद्रपूर आहे आणि ते योग्यच आहे; परंतु आत्यांच्या तोंडी 'चांदा' हेच नाव असल्यामुळे आम्हीही येथे तेच चालवितो. गावात शिरण्यापूर्वी दुरूनच विजेच्या कारखान्याच्या उंच चिमण्या दिसतात. १९८० नंतरच्या दशकात हे औष्णिक विद्युत्केंद्र सुरू झाले आणि आज महाराष्ट्रातील फार मोठ्या विद्युत्केंद्रांत त्याची गणना होते. गावाच्या भोवती कोळशाच्या खाणी आहेत. उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर जातो. आपल्या घरात बटण दाबताच जो दिवा लागतो त्यातील कितीतरी उजेड या गावाच्या धुरातून आलेला असतो, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसऱ्या दिवशी तट पाहण्यास निघालो. चांद्याचा तट हे त्या गावाचे खरे आश्चर्य. घडीव दगडांचा हा तट सुमारे साडेपाच मैल घेराचा असून त्याला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर अशा चार वेशी आहेत. वेशींवर हत्तीला पायाखाली घातलेला पंखधारी सिंह कोरलेला आहे; ते गोंड राजांचे राजचिन्ह. चार वेशींखेरीज पाच लहान दारे आहेत, त्यांना 'खिडक्या' म्हणतात : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. ही नावे ऐकताच आत्यांनी आमचा हात दाबला. आम्ही समजलो.

या तटाच्या जन्माची कथा चांद्यात आबालवृद्धांस पाठ आहे. गोंडांची जुनी राजधानी दक्षिणेकडे सिरपुरास होती. खांडक्या बल्लाळशहा नावाच्या राजाच्या अंगावर गाठी व फोड उठले. तेव्हा त्याच्या चतुर राणीच्या सल्ल्याने त्याने वर्धा नदीच्या काठी नवा किल्ला बांधला, तेच बल्लारपूर. एके दिवशी शिकारीच्या नादात राजा तहानेला आणि झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यातून झिरपणारे पाणी त्याने पिऊन हातपाय धुतले. त्या रात्री त्याला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली आणि सकाळी राणी पाहते तो फोड नाहीसे झालेले. शोध करता खडकात गाईच्या पावलांच्या आकाराचे खळगे सापडले, त्यांतील पाणी आटेना. तेथे अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे देवळाचे काम पाहून परतत असता राजाला असे दिसले की, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्याच कुत्र्याच्या पाठीस लागला आहे! मोठ्या वर्तुळात धाव घेऊन अखेरीस कुत्रा उलटला आणि ससा मारला गेला. राणी म्हणाली, ही भूमी वीरांची आहे. ज्या वाटेने ससा धावला त्याच वाटेने तट बांधा. राजाने तसे केले. सशाच्या कपाळावरील चंद्रावरून गावास नाव पडले, असे सांगतात.

सशाने कुत्र्याला पळविल्याची कथा हिंदुस्थानात अनेक राजधान्यांच्या नावावर आहे, तेव्हा तिचा शब्दशः अर्थ घेण्याचे कारण नाही. परंतु या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, नगर वसविण्याची बुद्धी येथे राजाची नसून राणीची आहे. दुसरी, नगराचा आरंभ विजयाने नव्हे तर पाण्याने झाला आहे. पुढचा इतिहास पाहिला म्हणजे या दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या असेच म्हणावे लागते.

प्रथम पाण्याची गोष्ट. १८६९ साली मेजर ल्यूसी स्मिथ या अधिकाऱ्याने या जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. गोंड राजांच्या आज प्रचलित असलेल्या बहुतेक हकीकती त्यातूनच पुढे आल्या आहेत. हीरशहा या राजाने अशी द्वाही फिरविली की, जो रान तोडून शेत करील त्यास ते शेत आणि जो तळे बांधील त्यास त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन. तळ्यासाठी दिलेल्या अशा इनामास 'तुकूम' म्हणत. पावसाचे पाणी उतारावर अडवून भात पिकविण्याची ही कला येथील कोहळी लोकांनी पूर्णत्वास नेली. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या बाजूला आजही गाव तेथे तळे दिसते. राज्य वाढवावयाचे तर शेजाऱ्याचे लुटून नव्हे, आपल्याच मुलखात पाणी अडवून, हे ज्या राजाला उमगले त्याला रानटी म्हणणारे आपण कोण? चांद्यात 'तुकूम' नावाची एक मोठी वस्ती आहे. आम्हांस तिकडे नेणाऱ्या रिक्षावाल्या तरुणास या नावाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, "नाव आहे जी, अर्थ कायचा असते?" त्यात त्याचा दोष नाही. अर्थ सांगणारी पिढी गेली आणि शाळेच्या पुस्तकात तो कधी आलाच नाही.

आता राणीची गोष्ट. अकबराच्या कारकिर्दीत बाबाजी बल्लाळशहा चांद्यास राज्य करीत होता. 'आईन-इ-अकबरी'त त्याची एक हजार घोडेस्वार व चाळीस हजार पायदळ अशी नोंद आहे. त्याच वंशात पुढे बीरशहा झाला. त्याची एकुलती एक कन्या देवगडच्या राजकुळातील दुर्गपाळ यास दिली होती. तिचा तेथे अपमान झाला म्हणून बीरशहाने स्वारी केली आणि जावयाचे मस्तक महाकालीस वाहिले, अशी भयंकर हकीकत आहे. महाकालीच्या देवळावर देवगडकडे तोंड केलेले एक दगडी मस्तक त्याचीच खूण म्हणून दाखवितात. पुढे बीरशहाच्या दुसऱ्या विवाहाच्या समारंभात त्याच्या हिरामण नावाच्या रजपूत सरदाराने त्याला ठार केले. त्याला पुत्र नव्हता. अशा वेळी मोठी राणी हिराई हिने चांदनखेड्याच्या शाखेतून रामशहाला दत्तक घेतले आणि त्याच्या लहानपणी स्वतः कारभार हाकला. महाकालीचे आजचे देऊळ तिचे. अचलेश्वराजवळील बीरशहाची भव्य समाधीही तिचीच. ज्या पतीने आपल्यावर सवत आणण्याचा घाट घातला आणि त्याच मांडवात प्राण गमावला, त्याची समाधी हिने इतक्या प्रेमाने का बांधावी, असा विचार तेथे उभे राहिले असता मनात आल्यावाचून राहत नाही. आत्या मात्र म्हणाल्या, "राज्य सांभाळायचे होते ना तिला. रुसून कसे चालेल?" आम्हांस वाटते, इतिहासकाराने याहून अधिक काही सांगितले नसते.

महाकालीची यात्रा चैत्रात भरते. नांदेड-परभणीकडून हजारो लोक येतात आणि झरपटीत स्नान करून देवीला जातात. झरपटीचे आजचे पाणी पाहून मात्र खांडक्या बल्लाळशहाची आठवण न काढलेली बरी. ज्या पाण्याने राजाची व्याधी गेली त्या पाण्याचीच व्याधी आता कोणी घालवावयाची, हा प्रश्न आहे.

गावाजवळ लालपेठेस उघड्यावर पडलेल्या प्रचंड मूर्ती आहेत. रायप्पा नावाच्या एका धनिक कोमट्याने मोठे देवालय बांधण्याच्या इच्छेने त्या घडविल्या आणि तो संकल्प अपुरा राहिला, असे सांगतात. सर्वांत मोठी दशमुखी दुर्गेची मूर्ती सुमारे पंचवीस फूट लांबीची असून ती जमिनीवर आडवी आहे. लोक तिला रावण समजतात. देवी म्हणून घडली, रावण म्हणून ओळखली गेली आणि उभी कधी राहिलीच नाही. दैव काही मूर्तींनाही असते.

गोंडांचे राज्य १७५१ साली संपले. रघूजी भोसल्यांनी नीळकंठशहास कैद करून चांदा नागपूरच्या राज्यास जोडले. भोसल्यांचा अभिमान आम्हां मराठ्यांना असणे स्वाभाविक आहे. परंतु चांद्याच्या तटावर उभे राहून पाहिले तर तोच पराक्रम निराळा दिसतो, हे कबूल केले पाहिजे. त्यानंतर पेंढाऱ्यांच्या धाडींनी हा मुलूख निम्मा ओसाड झाला. १८१८ च्या एप्रिलात बाजीराव पेशवे चांद्याच्या आशेने इकडे येत असता पांढरकवड्याजवळ त्यांचा मोड झाला आणि मे महिन्यात कर्नल ॲडम्सने चांद्याचा तट तोफांनी फोडला. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. मराठी राज्याची अखेर म्हटली की आपण शनिवारवाडा आणि अष्टीच आठवतो. पण तीच अखेर या तटाच्या खिंडारातही झाली.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चार वर्षांनी येथे पुन्हा ठिणगी पडली. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके याने गोंड, माडिया व रोहिले यांची फौज उभारून इंग्रजांशी सामना दिला. अडपल्लीचे व्यंकटराव त्याला मिळाले होते. अखेरीस तो पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात त्यास फाशी देण्यात आले. ते ठिकाण आज गोंड समाजाचे तीर्थच झाले आहे. झाशी, कानपूर, बिठूर यांच्या कथा सांगताना मोलमपल्लीचे नाव आपल्या तोंडी येत नाही, ही उणीव आपली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मसाण खिडकीकडे निघालो. कित्येक वर्षे या तटावर झाडोरा माजून पिंपळ-वडांच्या मुळांनी दगड सुटू लागले होते, कोठे कचरा साठला होता, कोठे घरे तटाला टेकली होती. २०१७ पासून 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी विळे आणि फावडी हाती घेऊन शेकडो दिवस श्रमदान केले व तट पुन्हा डोळ्यांस दिसू लागला. त्यांची कोणाशी ओळख नव्हती, त्यांना कोणी बोलाविले नव्हते. परंतु ते नसते, तर ज्या कामासाठी आम्ही एवढ्या दूर आलो ते काम झाडाझुडपांतच अडकले असते.

खिडकी अरुंद आहे. प्रेत तटाबाहेर नेण्याची ही वाट, यावरूनच तिचे नाव पडले असावे. आत्या काठी टेकीत पुढे झाल्या, दाराच्या दगडाला त्यांनी हात लावला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही केवढी लहान झाली रे! मला तर वेशीएवढी आठवत होती." आम्ही त्यांना सावलीत बसविले. तेथे त्यांनी जे सांगितले ते आम्ही पूर्वी कधी ऐकले नव्हते.

आई गेली त्या दिवशी त्यांना येथपर्यंतच येऊ दिले होते. शेजारी पाणी भरणारी एक गोंड बाई होती. तिने त्यांना कडेवर घेतले, येथे थांबविले आणि घरी परत नेले. पुढचे तेरा दिवस ही बाई रोज येई, बाहेरच्या ओट्यावर बसे आणि दोन्ही मुलांना सांभाळी. सोवळ्याओवळ्याचे दिवस होते ते. घरात तिचे पाऊल पडू शकत नव्हते. "भैया रडायला लागला की तिच्याकडेच जायचा. तुझा बाप, अरे!" आत्या म्हणाल्या. त्या बाईचे नाव त्यांना आठवत नाही. 'माय' म्हणत असू, एवढेच आठवते.

"आणि आणखी एक ऐक," त्या म्हणाल्या, "बाबांना कोणी शिक्षा केली नव्हती. इकडच्या शाळेला मास्तर मिळत नव्हता, म्हणून त्यांनी ही बदली मागून घेतली होती. आई गेल्यावरही ते वर्षभर इथेच राहिले. का राहिले, ते आपल्या घरात कोणी विचारले नाही. सगळ्यांनी मेली ती बदलीच धरून ठेवली."

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या घरातील एका म्हणीचा पाया असा त्या खिडकीशी ढासळला. आजीला हिवतापाने नेले हे खरे. परंतु तिच्या दोन मुलांना ज्या हातांनी सांभाळले ते हातही याच गावचे होते, ही अर्धी हकीकत घरात कोणी जपून ठेवली नव्हती. मुलखांच्या इतिहासाचेही असेच होत असावे काय? कोणत्या जागी आपले काय हरवले तेवढे आपण लिहून ठेवतो. कोणत्या जागेने आपल्याला काय दिले ते लिहावयाचे राहून जाते.

त्यानंतर आत्यांना मार्कंड्याचे दर्शन घडवावे म्हणून मूलवरून वैनगंगा ओलांडून आम्ही गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे दोन भाग होऊन हा जिल्हा वेगळा झाला. चामोर्शीजवळ वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि त्या वळणावर मार्कंडदेवाचे देवालय आहे. मृत्यूला शिवलिंगास मिठी मारून परतविणाऱ्या मार्कंडेयाचे हे स्थान. कनिंगहॅमने या देवळांची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. वीज पडून मुख्य देवळाचा कळस ढासळल्याची हकीकत जुनी आहे. त्याच्या भिंतींवरील मूर्ती मात्र अजून इतक्या सजीव आहेत की, नदीच्या वाऱ्याने त्यांचे पदर हलतील असा भास व्हावा. महाशिवरात्रीची जत्रा आठवड्यावर आली होती. वाळवंटात दुकानांचे मांडव पडू लागले होते. आत्यांनी नदीत दिवा सोडला. कोणासाठी, ते आम्ही विचारले नाही.

उत्तरेस आरमोरी तालुक्यात खोब्रागडी व सतनाला या नद्यांच्या बेचक्यात वैरागड आहे. येथे हिऱ्यांची खाण होती. चोल राजा कुलोत्तुंग याच्या लेखांतील 'वयिरागरम्' म्हणजे हेच गाव असे विद्वान मानतात आणि अबुल फजलही येथील हिऱ्यांचा उल्लेख करतो. आज हिरे नाहीत. खंदक, बुरूज आणि भंडारेश्वराचे देऊळ आहे. याच बाजूस दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम चालतो. शंकरपट भरला की रात्री मंडपात नाटक उभे राहते आणि सारे गाव पहाटेपर्यंत ते पाहते. मुंबई-पुण्याची रंगभूमी प्रेक्षकांअभावी हळहळते, त्या वेळी वडसा गावात नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या ओळीने उघड्या असतात.

आत्यांना परिचितांकडे विश्रांतीस ठेवून आम्ही तेथून दक्षिणेस सिरोंच्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत आलापल्लीचे सागवान लागते. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी याच मुलखाचे लाकूड बल्लारपुराहून रवाना झाले. धानोऱ्याकडील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने २००९ साली आपल्या रानावरील सामूहिक हक्क मिळविला आणि बांबूचा कारभार ग्रामसभेच्या हाती घेतला. भामरागडकडे हेमलकसा येथे १९७३ पासून आमटे कुटुंबाने चालविलेली सेवा सर्वश्रुत आहे. गेली चार दशके या रानावर बंदुकीची छाया होती, तिची झळ सर्वांत अधिक येथील गरिबांनाच लागली. आता डोंगरांतील लोखंडासाठी रस्ते रुंद होत आहेत. रान राहील किती आणि जाईल किती, हा येथील घराघरांतील प्रश्न आहे.

वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याशी गोदावरीस मिळते. त्र्यंबकेश्वरी जिच्या उगमाचे आपण तीर्थ घेतो त्या गोदावरीला सर्वांत अधिक पाणी देणारी उपनदी ही प्राणहिता. परंतु तिच्या काठी स्नान केलेला मनुष्य आपल्या ओळखीत क्वचितच सापडेल. दर बारा वर्षांनी येथे पुष्कर भरतो. मागचा २०२२ मध्ये झाला. सिरोंच्याचे लोक तेलुगू व मराठी दोन्ही सारख्याच सहजतेने बोलतात. १८७४ पर्यंत सिरोंचा हे अपर गोदावरी नावाच्या निराळ्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. जवळच वडधम येथे दगड झालेले प्रचंड वृक्ष पाहावयास मिळतात. कोटी कोटी वर्षांपूर्वीचे ते रान आहे. संगमावर आम्ही उभे होतो तेव्हा सूर्य मावळत होता. एका बाजूने प्राणहितेचे पाणी येत होते, दुसऱ्या बाजूने गोदावरीचे. काही अंतरापर्यंत दोहोंचे रंग निराळे दिसत होते, मग दिसेनासे झाले.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी बसल्या होत्या. बल्लारपूर मागे पडले, चांदा आले आणि गाडी थोडा वेळ थांबली. तट स्थानकावरून दिसत नाही, तरी त्या त्याच दिशेला पाहत होत्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आता घरात कोणाला चांद्यास धाडले असे म्हणू नका."

आम्ही तसे वचन दिले आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशीच एखादी म्हण चालत असेल, त्यांनीही तिचे गाव एकदा स्वतः जाऊन पाहावे, एवढीच विनंती.